तोंडात अळ्या सापडल्या: त्या कोणत्या माशीच्या हे कसं ठरतं, आणि ठरवून काय बदलतं

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सासरे ७२ वर्षांचे, पक्षाघातानंतर अंथरुणावर. तोंड सतत उघडं, श्वास तोंडानेच. चार दिवसांपूर्वी वरचा ओठ सुजला, घाण वास यायला लागला. ओठ उचलून पुसताना समोरच्या दातांच्या वर हिरडीत शितांसारखं पांढरं काहीतरी दिसलं आणि ते हललं. गावातल्या दंतवैद्यांनी बऱ्याच अळ्या काढल्या, थोड्या बाटलीत घालून दिल्या आणि डेंटल कॉलेजात नेऊन तपासून घ्यायला सांगितलं. शेजारी म्हणतात ही दाताची कीड आहे, धुरी देणाऱ्याकडे न्या. नणंद विचारते, घरात स्वच्छता ठेवत नव्हता का. ताईंनी फोटो दिला आहे आणि विचारलं आहे: यावरून माशी ओळखता येईल का? आणि अळ्या तर काढल्याच आहेत, मग ओळखून उपयोग काय?

मी मुखविकृतीशास्त्र, म्हणजे तोंडाच्या आजारांचे नमुने तपासून निदान करण्याचं शास्त्र, शिकवते. शस्त्रक्रिया विभागातून अशा बाटल्या येतात त्या माझ्या टेबलावर. त्यामुळे तुमच्या प्रश्नातलं 'काढल्याच आहेत' हे वाचून मी थांबले. दिसल्या तेवढ्या काढल्या, हे खरं. पण आत किती आहेत, त्या मेलेलं मांस खाणाऱ्या आहेत की जिवंत मांस पोखरत आत जाणाऱ्या, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर त्या बाटलीत आहे.

पण आधी एक गोष्ट. अळी ओळखेपर्यंत थांबू नका. ओठाची सूज अजून असेल, वास येत असेल, हिरडीला भोक दिसत असेल, तर आजच त्यांना मुखशल्यचिकित्सक, म्हणजे तोंड आणि जबड्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, असलेल्या रुग्णालयात न्या. बाटली सोबत न्या. ओळख पटायला एखादा दिवस लागला तरी चालतो, तोंड साफ करायला तेवढा वेळ नाही.

आता नणंदेच्या प्रश्नाबद्दल, कारण तो तुम्हाला आतून खातोय हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. आपल्याकडे 'तोंडात किडे पडतील' हा शाप आहे. त्यामुळे घरच्यांना हे सांगायचीच लाज वाटते, आणि लाजेपायी दोन-तीन दिवस सहज जातात. माशीला मात्र तिची अंडी घालायला जागा हवी असते. जो माणूस हाताने माशी हाकलू शकत नाही, ज्याचे ओठ मिटत नाहीत, ज्याच्या हिरड्या आधीच सुजलेल्या, पू आणि रक्त येणाऱ्या आहेत, त्याचं तोंड तिला सापडतं. पक्षाघात, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेली मुलं, फिटचा आजार, तोंडाचा कॅन्सर चिघळलेला, दारूच्या धुंदीत उघड्यावर झोपलेला माणूस, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण: पुन्हा पुन्हा हीच परिस्थिती दिसते. चांगल्या रुग्णालयांतूनही अशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत. माशीला वास पुरतो, एक दुपार पुरते. दिवसातून दोनदा तोंड पुसणाऱ्या सुनेलाही ती मधल्या वेळेत चुकवू शकते. उलट तुम्ही ओठ उचलून पाहिलंत म्हणून हे कळलं. कित्येक घरांत ओठ उचललाच जात नाही.

आपल्याकडे तोंडातल्या अळ्यांमागे बहुतेक वेळा एक माशी असते: क्रायसोमाया बेझिआना. अंगावर हिरवट-निळी धातूसारखी चमक, घरातल्या माशीपेक्षा थोडी मोठी. १९१४मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं आणि १९२०मध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी भारतात माणसांच्या आणि जनावरांच्या जखमांत हिच्याच अळ्या असतात हे सविस्तर लिहिलं. सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका, आखाती देश, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया असा तिचा मुलूख आहे. गुराच्या जखमेत आसडी पडली असं आपण म्हणतो त्यातही ती असते. गोठा घराला लागून असेल तर माशी कुठून आली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

या माशीचं वैशिष्ट्य एकच, पण सगळा फरक त्यानेच पडतो. ती मढ्यावर किंवा कचऱ्यावर अंडी घालत नाही. तिच्या अळीला जिवंत, उबदार मांसच लागतं. जखमेच्या कडेला किंवा ओल्या त्वचेवर ती एका वेळी साधारण दीडशे ते दोनशे अंड्यांचा पुंजका चिकटवते. अंडी १२ ते २४ तासांत फुटतात. बाहेर आलेली अळी डोकं खाली करून मांसात शिरते आणि पाच ते सात दिवस खात राहते. पूर्ण वाढली की स्वतःहून बाहेर पडते, जमिनीत जाऊन कोष करते, आणि उबदार हवेत साधारण आठवड्याभराने त्यातून माशी निघते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. अळी तोंडात अंडी घालत नाही, म्हणजे आतल्या आत त्यांची पैदास होत नाही. पण चिघळलेल्या जखमेच्या वासाने दुसरी माशी येऊन नवा पुंजका घालू शकते. म्हणून सोमवारी साफ केलेल्या तोंडात बुधवारी बारीक अळ्या दिसल्या तर त्या राहून गेलेल्या आहेत की नव्या, हे विचारावं लागतं. त्याचं उत्तर अळीच्या वयात असतं आणि वय तिच्या शेपटावर वाचता येतं.

अळी कोणत्या टोकाने ओळखायची, असं विद्यार्थ्यांना विचारलं की बहुतेक जण डोक्याकडे बोट करतात. डोकं निमुळतं असतं, त्यात दोन काळे आकडे असतात, ते मांसात रुतवून अळी पुढे सरकते. ओळख मात्र जास्त करून मागच्या, बोथट टोकावर असते. डोकं मांसात गाडलेलं असतं तेव्हा अळी श्वास शेपटाने घेते. तुम्हाला हिरडीच्या भोकात हलताना दिसलं ते अळीचं हेच मागचं टोक. तिथे दोन तपकिरी ठिपके असतात, ती तिची श्वासरंध्रं. भिंगाखाली प्रत्येक ठिपका म्हणजे एक चकती दिसते, चकतीत फटी आणि भोवती गडद कडं.

फटी मोजल्या की वय कळतं. तीन फटी म्हणजे तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेतली अळी, दोन म्हणजे दुसऱ्या. पहिल्या अवस्थेची अळी दीड मिलिमीटरच्या आसपास असते, ती नुसत्या डोळ्यांनी बहुधा निसटतेच. बेझिआनाची पूर्ण वाढलेली अळी दीड सेंटिमीटरपर्यंत जाते. तिसऱ्या अवस्थेची अळी सापडली तर अंडी निदान दोन दिवस आधीची, पूर्ण वाढलेली असेल तर त्याहून बरीच आधीची. रुग्ण काल दाखल झाला आणि आज दीड सेंटिमीटरची अळी निघाली, तर माशी बसली ती दाखल होण्याआधी. रुग्णालय आणि नातेवाईक एकमेकांकडे बोट दाखवत असतात तेव्हा ही गोष्ट शांतपणे मांडता येते.

आता माशी कोणती. कडं पूर्ण बंद आहे की एका बाजूला उघडं, फटी सरळ, उभ्या की नागमोडी, आणि चकत्या पृष्ठभागावर आहेत की खोल खळग्यात, या तीन गोष्टींवर बराच निकाल लागतो. बेझिआनाच्या तिसऱ्या अवस्थेत कडं खालच्या बाजूला उघडं असतं, फटी सरळ असतात आणि त्या उघड्या जागेकडे कललेल्या. घरमाशीची चकती डी अक्षरासारखी, कडं बंद, फटी नागमोडी. हिरव्या बाटलीमाशीचं, म्हणजे ल्युसिलियाचं, कडं बंद, आणि त्यात बटणासारखा एक ठिपका. मांसमाशी सार्कोफॅगा अंडी घालतच नाही, थेट अळ्या सोडते. तिच्या चकत्या खोल खळग्यात लपलेल्या असतात, कडं उघडं आणि फटी जवळजवळ उभ्या. मेंढ्यांच्या नाकातली माशी ईस्ट्रस ओव्हिस मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत आणि क्वचित घशात आपल्या अळ्या सोडते. तिथे एक मिलिमीटरची पहिल्या अवस्थेची अळीच सापडते, कारण माणसात ती सहसा पुढे वाढत नाही.

शेपटानंतर अंग पाहायचं. डोक्याचा एक, छातीचे तीन आणि पोटाचे आठ असे बारा खंड. बेझिआनाच्या खंडांवर मागे वळलेल्या जाड काट्यांचे पट्टे असतात, नुसत्या भिंगातही दिसतील इतके ठळक. त्यामुळे अळी स्क्रूसारखी दिसते, आणि इंग्रजीत हिला स्क्रूवर्म म्हणतात ते यावरून. काटे मागे वळलेले म्हणजे अळी पुढे सहज सरकते आणि मागे ओढली की अडकते. घरी चिमट्याने ओढू नका असं आम्ही कळकळीने सांगतो त्याचं कारण हे आहे. घाईने ओढली तर ती तुटते, तुटलेला भाग आत राहतो आणि तिथे पुन्हा सूज आणि पू होतो.

मग पुढच्या बाजूची दोन छोटी श्वासरंध्रं. त्यांना फाटे फुटलेले असतात आणि ते मोजायचे. बेझिआनात बहुधा चार ते सहा. आपल्या मुलखाबाहेर न जाता इथेच थांबता आलं असतं, पण इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात जास्त चित्रं अमेरिकेतल्या स्क्रूवर्मची, कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्सची, मिळतात आणि लोक तिच्याशी जुळवत बसतात. तिच्यात हे फाटे साधारण सात ते नऊ असतात. शिवाय तिच्या शेपटाकडून पुढे जाणाऱ्या दोन श्वासनलिका तीन-चार खंडांपर्यंत काळ्या असतात आणि पातळ कातडीतून बाहेरूनच दिसतात. बेझिआनात हा काळेपणा शेवटच्या खंडापुरताच. दोन काळ्या रेघांची लांबी एवढ्यावर जगाच्या दोन भागांतल्या माशा वेगळ्या करता येतात.

हे पुस्तकी वाटेल म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. १९८८मध्ये लिबियातल्या जनावरांच्या जखमांत सापडलेल्या अळ्या तपासल्या तेव्हा त्या आफ्रिकेतल्या बेझिआनाच्या नव्हत्या, अमेरिकी स्क्रूवर्मच्या निघाल्या. ती माशी त्याआधी अमेरिका खंडांबाहेर कधी स्थिरावली नव्हती. त्या एका ओळखीवरून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने मोहीम आखली, मेक्सिकोतल्या कारखान्यात वाढवलेल्या वंध्य माश्या विमानाने आणून आठवड्याला चार कोटींपर्यंत सोडल्या आणि १९९१मध्ये शेवटची केस नोंदली गेली. अळी कुणी बाटलीत ठेवली नसती, तिच्या शेपटाकडे कुणी पाहिलं नसतं, तर उत्तर आफ्रिकेत ती आज कुठवर गेली असती! तीच माशी २०२३पासून मध्य अमेरिकेत पुन्हा पसरली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मेक्सिकोत पोचली. म्हणून प्रवासाबद्दल विचारलं जातं. तुमचे सासरे कुठे गेलेच नाहीत, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही शंका उरत नाही. पण घरी कुणी तिकडून जखम घेऊन परतलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

प्रयोगशाळेत हे कसं होतं तेही सांगते, म्हणजे बाटली कशी ठेवायची ते आपोआप कळेल. अळीचा शेपटाचा तुकडा पातळ पात्याने कापतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावात ठेवतात. आतलं मांस विरघळतं, कातडी आणि चकत्या उरतात. मग धुऊन, चढत्या अल्कोहोलमधून नेऊन, लवंगेच्या तेलात पारदर्शक करून काचपट्टीवर बसवतात. डोक्याचा काळा सांगाडाही असाच. नमुना चांगला असेल तर मला निर्णय घ्यायला फार वेळ लागत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. क्रायसोमाया मेगासेफला ही बेझिआनाची जवळची बहीण सडक्या मांसावर वाढते, आणि शेपटाकडून दोघी बऱ्याच सारख्या दिसतात. तिथे काट्यांची जाडी आणि डोक्याचा सांगाडा पाहावाच लागतो, तरीही खात्री नसेल तर अल्कोहोलमधल्या अळीची डीएनए तपासणी करतात. दुसरं म्हणजे अळी नुसती ऊतीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या मांसाच्या, पातळ कापात सापडते तेव्हा. बायोप्सीच्या काचपट्टीवर काटेरी कातडी, पट्टेदार स्नायू, श्वासनलिकांची गोल भोकं दिसली की माशीची अळी आहे हे नक्की सांगता येतं. पण आडव्या-तिडव्या कापावरून कोणती माशी हे सांगणं मी टाळते, कारण चकती पूर्ण दिसल्याशिवाय तो अंदाजच राहतो.

ओळखण्याचा आणखी एक मार्ग अळ्या पाळण्याचा. काही जिवंत अळ्या ओलसर वाळू किंवा लाकडाच्या भुशात ठेवल्या, त्या पूर्ण वाढलेल्या असल्या, तर कोष करतात आणि पुढे माशी बाहेर येते. ओळख सगळ्यात पक्की होते ती तेव्हा. पण अर्धवट वाढलेली बेझिआना जिवंत मांसाशिवाय सहसा तग धरत नाही. ती मेली म्हणून नमुना वाया गेला असं समजू नका.

आता उपयोग काय, या प्रश्नाकडे येते.

चिघळलेल्या कॅन्सरच्या जखमेत ल्युसिलिया किंवा घरमाशीच्या अळ्या असल्या तर त्या मुख्यतः मेलेल्या, सडलेल्या भागात असतात. वरचा सडका थर काढला, जखम धुतली, माशा रोखल्या, की काम बरंचसं होतं. बेझिआना असेल तर शल्यचिकित्सक वेगळा विचार करतात. ती हिरडीतून हाडाच्या पडद्याखाली शिरते. वरच्या जबड्यात समोरची हिरडी आणि टाळू या तिच्या आवडत्या जागा, आणि तिथून नाक आणि सायनस लांब नाहीत. म्हणून सीटी स्कॅन मागवतात, भूल देऊन हिरडी उघडायची का ठरवतात आणि एकदा साफ करून घरी न पाठवता दोन-तीन दिवस रोज पाहतात. शिवाय वय कळलं की हिशेब लागतो. बाटलीतल्या सगळ्या अळ्या पूर्ण वाढलेल्या असतील तर एकच पुंजका आणि अळ्यांचे तोंडातले शेवटचे दिवस. मोठ्यांसोबत दुसऱ्या अवस्थेच्या बारीक अळ्याही असतील तर दुसरी माशी मागाहून बसली आहे आणि लहान अळ्या अजून खोलात असू शकतात. मेंदूपर्यंत जाईल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. हिरडीतून तसं होणं फार क्वचित आहे. नाकात आणि सायनसमध्ये अळ्या पोचल्या आणि दुर्लक्ष झालं तर धोका वाढतो, म्हणून नाकातून रक्त किंवा घाण येत असेल तर तेही आजच दाखवा.

कधी कधी उलटही होतं. रुग्णाच्या तोंडात अळी दिसली म्हणून घाबरून आणतात आणि ती पेरूतली किंवा आंब्यातली निघते. फळमाशीच्या अळीच्या अंगावर असे जाड काटे नसतात, चकतीभोवती ठळक कडं नसतं आणि ती उड्या मारते. हिरडी निरोगी असेल तर चूळ भरून प्रश्न मिटतो. उगाच औषधं द्यावी लागत नाहीत, हाही ओळखण्याचाच उपयोग.

शेजाऱ्यांच्या धुरीबद्दल. दाताला कीड लागते ती जिवाणूंच्या आम्लाने, त्यात अळी नसते. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती. १७२८मध्ये दंतवैद्यकाचा पाया घालणाऱ्या फ्रान्सच्या पिअर फोशार यांनी तो किडा कुठे दिसत नाही असं लिहून ठेवलं. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी देतात आणि मग पाण्यात पडलेले पांढरे 'किडे' दाखवतात, ते तापून फुटलेल्या बीमधले वळलेले अंकुर असतात. त्यांना खंड नाहीत, आकडे नाहीत, शेपटावर चकत्या नाहीत. तुमच्या सासऱ्यांच्या तोंडात खऱ्या अळ्या आहेत. धुरीने त्या बाहेर येणार नाहीत, आणि ज्यांना नीट गिळता येत नाही अशा माणसाच्या छातीत धूर जाणं घातक आहे.

टर्पेंटाइनबद्दलही तेच, कारण गावाकडे गुरांसाठी ते घरात असतं आणि कुणीतरी सुचवणारच. रुग्णालयातही ते वापरतात: बोळा भिजवून, पिळून, भोकावर काही मिनिटं धरतात, अळ्यांचा श्वास कोंडतो, त्या बाहेर सरकतात आणि चिमट्याने हळू काढतात. पण तिथे शेजारी सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी-लाळ ओढून घेणारं यंत्र, चालू असतं. पक्षाघाताच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत टर्पेंटाइनचा थेंब गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते, शिवाय ते हिरडीही भाजतं. घरी अजिबात करू नका. आयव्हरमेक्टिन हे औषधही बहुधा देतील. त्याने खोलवरच्या अळ्या मरतात, पण मेलेल्या अळ्याही काढाव्याच लागतात. वजनावर त्याचा डोस ठरतो आणि सासऱ्यांच्या पक्षाघाताच्या गोळ्या चालू असतील, म्हणून सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. धनुर्वाताच्या लशीबद्दलही विचारा.

तुमच्या फोटोबद्दल. त्यावरून एवढंच सांगता येतं की ही माशीची अळी आहे, जंत नाही: एक टोक निमुळतं, दुसरं बोथट, अंगावर खंडांच्या रेघा. जंताला असे खंड आणि काट्यांचे पट्टे नसतात. बोथट टोक कॅमेऱ्याकडे वळलेलं नाही, त्यामुळे चकत्या दिसत नाहीत आणि माशीचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या सासऱ्यांची अवस्था, जागा आणि आपला मुलूख पाहता बेझिआनाची शक्यता सगळ्यात जास्त वाटते आणि उपचार करणाऱ्यांनी तसंच धरून चालावं असं मला वाटतं. खात्री बाटलीवरून होईल.

बाटलीत अळ्या कशात ठेवल्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. फॉर्मलिन या नमुने टिकवायच्या रसायनात असतील तर अळ्या कडक होतात आणि पुढे डीएनए तपासणी अवघड होते, चकत्या तरीही पाहता येतात, फेकू नका. सलाइनमध्ये असतील तर त्या सडायच्या आत लगेच पोचवा. आज तोंड साफ करताना आणखी निघाल्या तर डॉक्टरांना विनंती करा की सगळ्यात मोठ्या काही आणि सगळ्यात बारीक काही, अशा दोन्ही ठेवा. फक्त सर्वात मोठी देऊ नका, बारीक अळ्याच दुसऱ्या पुंजक्याची गोष्ट सांगतात. आधी सलाइनने धुवायच्या, मग उकळून गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट, मग सत्तर ते ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर आक्रसते आणि काळी पडते, मग श्वासनलिकांचा रंग वाचता येत नाही. दोन-चार जिवंत अळ्या वेगळ्या डबीत ओलसर वाळूत, झाकणाला बारीक भोकं पाडून आणि वर कापड बांधून. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यावर काढल्याची तारीख आणि वेळ, तोंडातली नेमकी जागा, गाव, आणि गोठा जवळ आहे का एवढं हवं.

घरी परत आणल्यावर दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा, कारण या माशा दिवसाच फिरतात. ओठ मिटत नाहीत तेव्हा तोंडावर ओली जाळीदार पट्टी ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, श्वास अडता कामा नये. हिरड्या रोज दोनदा मऊ ब्रशने किंवा बोळ्याने स्वच्छ करा. हलणारे, पू येणारे दात काढायचे की ठेवायचे याचा निर्णय जखम भरल्यावर लावून घ्या. ते दात तसेच राहिले तर वास राहतो, आणि वास राहिला की माशी परत येते. पहिला आठवडा रोज सकाळी उजेडात ओठ वर उचलून, टाळूकडे बॅटरी मारून पाहा. लालसर भोक दिसलं किंवा हिरडी एका जागी फुगलेली दिसली, तर अळी दिसेपर्यंत वाट न पाहता तसंच दाखवायला न्या.